अक्षर तुझं नाही

ये. दार उघडंच आहे. बूट बाहेर काढलेस, मग मोजे कशाला ठेवलेस पायात? असू दे, त्याच्याकडे मी मग येते. बस. पंख्याखाली नको, इथे समोर बस, मला तुझं तोंड दिसलं पाहिजे. चहा मिळेल, पण बिनसाखरेचा.

ही वही ओळखतोस? तुझी बायको काल संध्याकाळी देऊन गेली. रडली नाही, हे मुद्दाम सांगते. रडली असती तर मी पाणी दिलं असतं, पाठीवरून हात फिरवला असता आणि विषय तिथेच मिटला असता. तिनं ही वही टेबलावर ठेवली, शेजारी शुगरचं मशीन ठेवलं आणि म्हणाली, "बाई, आता तुम्हीच बघा. माझं काही ऐकत नाहीत."

मग मी बघितलं. पस्तीस वर्षं शास्त्राच्या वह्या तपासल्यात, अजून सवय गेलेली नाही. एक तारखेपासून तेवीस तारखेपर्यंत रोजचा उपाशीपोटीचा आकडा. ११८. १२२. ११६. १२४. १२०. अक्षर सुरेख, चाराची शेंडी सरळ, शून्य गोल गरगरीत. तेवीस दिवसांचे तेवीस आकडे आणि त्यात एकही विषम नाही. का रे? तुझ्या रक्तातली साखर जोडीजोडीनंच चालते का? खरं मोजमाप असं नसतं. त्यात मध्येच १४३ येतो, लग्नाचं जेवून आल्यावर १७१ येतो, एखाद्या दिवशी उगाचच १०७ येतो आणि का आला ते कळत नाही. मनातून काढलेले आकडे मात्र असेच गुळगुळीत निघतात, नदीतल्या गोट्यांसारखे.

आणि या मशीनला स्मरणशक्ती असते, ते तुझ्या लक्षातच आलं नाही. हे बटण दाबलं की मागच्या नोंदी एकेक करून समोर येतात. शेवटची नोंद सव्वीस दिवसांपूर्वीची. आकडा २८७. त्याच्या आधीची दीड महिन्यापूर्वीची. बस्, संपलं. म्हणजे तू रोज सकाळी बाल्कनीतून आकडा ओरडायचास आणि ती बिचारी स्वयंपाकघरात ओले हात पदराला पुसून तो लिहून घ्यायची. तिला वाटायचं, नवरा सुधारला.

नववी ब, रोल नंबर सत्तावीस. लंबकाचा प्रयोग आठवतोय? दोऱ्याची लांबी चौपट केली की आवर्तनकाल दुप्पट होतो, हे पुस्तकात लिहिलेलं होतं. तुझ्या जर्नलमध्ये तो दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत अचूक दुप्पट आला होता. आपल्या शाळेचं स्टॉपवॉच दर दहा सेकंदांनी अडकायचं, एकाही पोराला धड उत्तर येत नव्हतं आणि तुला मात्र देवाघरचं उत्तर आलं. वर अक्षर तुझ्या ताईचं. मी लाल शाईनं खाली तीन शब्द लिहिले होते. तू तेव्हा मान खाली घातली होतीस. आता सत्तेचाळीसचा झालास, तर मान वर करून बघतोयस. बघ, बघ. तेच तीन शब्द आज पुन्हा म्हणायची वेळ आली माझ्यावर.

दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत केली आहेस तू. सात खणांच्या डबीत गोळ्या भरते ती. लॅबवाल्याला सकाळी साडेसहाला बोलावते ती. डॉक्टरांच्या पुढ्यात बसल्यावर डॉक्टर विचारतात तुला, "जेवणाचं कसं काय?" आणि तू बघतोस तिच्याकडे. गोळीचं नाव विचारलं तर म्हणतोस, "ती पांढरी, लांबट." अरे, तू ज्या कंपनीत हिशेब बघतोस तिथे कोणी "ती निळी फाइल" म्हणून बिल पास करून घेतलं तर चालेल तुला? तुझ्या अंगात जे रोज दोन वेळा जातं त्याचं नाव तुला माहीत नाही!

गणित घाल. तीन महिन्यांतून एकदा डॉक्टर तुला दहा मिनिटं बघतात. वर्षाची झाली चाळीस मिनिटं. वर्षाचे तास ८,७६०. उरलेले ८,७५९ तास आणि वीस मिनिटं हा रोग कोणाच्या ताब्यात असतो? डॉक्टरांच्या नाही. तुझ्या बायकोच्या तर नाहीच, कारण सकाळी सात अठ्ठेचाळीसला तू मुलुंडहून लोकलला लटकलास की रात्री साडेआठपर्यंत ती तुला बघतही नाही.

आणि त्या वेळात काय होतं तेही मला ठाऊक आहे. ती डब्यात ज्वारीच्या दोन भाकऱ्या देते, मटकीची उसळ देते, काकडी चिरून वेगळ्या डबीत देते. मटकी आदल्या दिवशी भिजवावी लागते, मोड यायला फडक्यात बांधावी लागते, तुला कल्पना नसेल. तो डबा ऑफिसबॉय खातो. त्या पोराची तब्येत बाकी छान झाली असेल. तू घाटकोपरला मेट्रो पकडून चकाल्याला उतरतोस आणि जिन्याखालच्या गाडीवर उभा राहतोस. हे कसं कळलं? अरे, तुमच्या फोनमधून पैसे जातात त्याची यादी राहते. वडापाव, वडापाव, समोसा, कटिंग, वडापाव. खोटं बोलायचं तर निदान रोख पैसे द्यावेत माणसानं.

वडापाव वाईट, असं मी म्हणत नाही. या मुंबईत राहून वडापावला शिव्या घालणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही. पण तो आहे काय, ते बघ. बटाटा, त्याला बेसनाचं कव्हर, ते तेलात, आणि ते सगळं मैद्याच्या पावात. पिठूळावर पिठूळ. महिन्यातून एकदा, तिला सांगून, बरोबर घेऊन जाऊन खा. आठवड्यातून पाच वेळा चोरून खाल्लेला वडापाव म्हणजे चैन नव्हे, ती नुसती सवय झाली. तुला त्याची चवसुद्धा लागत नसेल आता.

"मी गोड खातच नाही, बाई." हे वाक्य मी मुलुंड पूर्वेच्या निम्म्या पुरुषांकडून ऐकलंय. गोड खात नाहीस, पण संकष्टीला साबुदाण्याची खिचडी दोन वाट्या खातोस, वर बटाट्याचा कीस. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, त्यात नावालासुद्धा दुसरं काही नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण काही उगाच पडली नाही. चहात साखर नको म्हणून गूळ घालतोस. रक्ताला गुळाचा रंग दिसत नाही, त्याला साखरच दिसते. "शुगर फ्री" लिहिलेली बिस्किटं पाकीटभर खातोस, ती मैद्याची नाहीत तर काय रव्याच्या हवेची आहेत? ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ खा, भात-पोळी मग खा. जेवून झाल्यावर टीव्हीपुढे न बसता सोसायटीच्या आवारात दहा-पंधरा मिनिटं चाल. या दोन गोष्टींनी जेवणानंतरची साखर किती कमी चढते ते तुझं तूच मशीनवर बघ. मी सांगते म्हणून मान्य करू नकोस. शास्त्राचा विद्यार्थी आहेस, निदान होतास.

सकाळी तिकडे चिंतामणराव देशमुख उद्यानात चालायला जातोस म्हणे. उत्तम. तीन फेऱ्या, मग बाहेर येऊन कारल्याचा रस आणि मग मित्रांबरोबर मेदूवडा. कारलं खा की, भाजी करून खा, छान लागते. पण कारल्याचा रस घेतला म्हणून मेदूवडा माफ होत नाही. जांभळाच्या बियांची पूड, मेथीचं पाणी, विजयसारचा पेला, सगळं चालू असतं तुझं, फक्त डॉक्टरांनी दिलेली गोळी तेवढी "आज राहिली". आणि दुधीचा रस कधी कडू लागला तर तिथल्या तिथे थुंकून टाक. कडू दुधी विषारी असतो, त्यानं माणसं दवाखान्यात गेलीत. तिथे शूरपणा दाखवायचा नाही.

आता मंगळवारचं बोलू. त्याच्यासाठीच बोलावलं तुला.

घाटकोपर स्टेशनवरून मेट्रोकडे जाणाऱ्या पुलावर, सकाळी सव्वाआठच्या गर्दीत, तू खाली बसलास. घामानं शर्ट भिजलेला, हात थरथरत होते, नाव विचारलं तर काहीतरी भलतंच बोलत होतास. लोकांना वाटलं, सकाळी सकाळी पिऊन आलाय. वळसा घालून जात होते. एका कॉलेजच्या पोरीनं थांबून विचारलं, "काका, शुगर आहे का?" तिच्या आजोबांना तसं होतं म्हणून तिला कळलं. तिनं पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढल्या, कोणाकडून तरी फ्रूटी आणली. वीस मिनिटांनी तू उभा राहिलास आणि काय केलंस? तिला थँक्यू म्हणून ऑफिसला गेलास. घरी सांगितलंस, "गर्दीनं चक्कर आली."

गर्दीनं नाही. तुझ्या दोन गोळ्यांपैकी एक मेटफॉर्मिन आहे, तिनं एकटीनं साखर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. दुसरी ग्लिमेपिराइड. ती स्वादुपिंडाला चाबूक मारते, इन्सुलिन सोड म्हणून. तू खाल्लंयस की नाही ते तिला कळत नाही. तू ती सकाळी घेतलीस आणि नाश्ता सोडलास, कारण कुठल्याशा व्हिडिओत ऐकलंस की दिवसातून दोनदाच जेवायचं. लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांची ती योजना मला माहीत आहे, माझ्या भाचीनं केली, तिचं वजनही उतरलं. पण ते गृहस्थ आधी एचबीएवनसी आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासायला सांगतात. ते तू ऐकलंस का? तुझ्या डॉक्टरांना विचारलंस, की मी एक वेळचं खाणं बंद करतोय, गोळीचं काय करू? अर्धं ऐकायचं आणि अर्ध्यावर उठायचं, ही तुझी नववीपासूनची खोड.

लिहून घे. पेन आहे? हे घे. साखर ७०च्या खाली गेली की ती कमी. अंग थरथरणं, घाम, एकदम कडकडून भूक, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड, बोलणं अडखळणं. असं झालं की मशीन शोधत बसायचं नाही. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून, किंवा तेवढ्या साखरेचं सरबत, लगेच. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर उशिरा चढते. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपास, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. मग पोटात काहीतरी धड घाल, पोळी, दूध, केळं. आणि माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ला फोन लावायचा. हे तुझ्या मुलालाही पाठ करून घे. बॅगेत ग्लुकोजची पुडी आणि खिशात चिठ्ठी: मला मधुमेह आहे, या गोळ्या चालू आहेत, घरचा नंबर हा. लाज वाटते? मंगळवारी लोकांनी दारुडा समजून वळसा घातला, त्यापेक्षा ही लाज स्वस्त.

"पण मी कुठे जाड आहे, बाई?" हेही तू म्हणणारच. तेवढ्यासाठी एका फोटोची गोष्ट सांगते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले मित्र डॉ. जॉन युडकिन. दोघांनी शेजारी शेजारी उभं राहून फोटो काढला आणि २००४ मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आणला. दोघांचाही उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ज्याला बीएमआय म्हणतात तो, २२.३. अगदी एकसारखा. आणि अंगातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा दोघांना सारखंच सांगतो, आत मात्र दुपटीहून जास्त फरक. आपली बाळं जन्मतानाच वजनाला कमी, पण चरबीला तितकीशी कमी नाहीत, हे त्याच याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३पासून गरोदर बायका आणि त्यांची पोरं वर्षानुवर्षं मोजून दाखवलं. नीट ऐक, मोजून दाखवलं. बाल्कनीतून ओरडून नाही. तेव्हा तुझे हातपाय काटकुळे आहेत आणि पट्टा मात्र दोन भोकं पुढे गेलाय, याला सडपातळ म्हणत नाहीत.

"सगळ्यांनाच असते हल्ली." हो, असते. महापालिकेनं २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत जवळपास १८ टक्के मुंबईकरांची उपाशीपोटीची साखर वाढलेली निघाली. देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे, असं २०२३ मध्ये छापून आलं. वर्गात पन्नास पोरं नापास झाली म्हणून तुझा निकाल बदलतो का?

तुझा निकाल हा आहे. एचबीएवनसी ९.४. तो गेल्या महिन्यातला कागद तू कपाटात खालच्या खणात, विम्याच्या पावत्यांखाली ठेवला होतास. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, ते आणि स्वतःच्याच घरात. तुला वाटलं, तपासणीआधी तीन दिवस भात सोडला की झालं. उपाशीपोटीच्या साखरेला असं फसवता येतं, याला फसवता येत नाही. रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि जगते तितके दिवस तिला साखर चिकटत राहते. म्हणजे हा आकडा परीक्षेच्या आदल्या रात्रीचा नाही, अख्ख्या सत्राचा आहे. ९.४ म्हणजे सरासरी साखर सव्वादोनशेच्या आसपास, दिवसरात्र, झोपेतसुद्धा. तुझ्या वहीतल्या ११८शी याचा मेळ घालून दाखव मला. नाही बसत ना?

डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर इन्सुलिन सुरू करू. तर तू म्हणालास, "एकदा सुई लागली की सुटत नाही." हे कुठल्या गुरूनं शिकवलं? १९२२च्या जानेवारीत कॅनडात, टोरांटोच्या इस्पितळात, लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं. पोरगं हाडांचा सापळा झालं होतं, कारण तोवर या रोगावर उपाय एकच होता, उपाशी ठेवायचं. ते औषधही पहिल्या वेळी अशुद्ध निघालं, बारा दिवसांनी पुन्हा शुद्ध करून टोचलं. पोरगं पुढे तेरा वर्षं जगलं. आणि ज्यांनी ते शोधलं त्यांनी त्याचे हक्क विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. सुई ही शिक्षा नाही. तू नापास झालास म्हणून मारलेली छडी नाही ती. स्वादुपिंड थकलं तर बाहेरून मदत घ्यायची, इतकंच. डोळ्यांना चष्मा लावताना म्हणालास का, एकदा लागला की सुटत नाही?

डोळ्यांवरून आठवलं. बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी वर्षातून एकदा. लघवीतल्या प्रथिनांची तपासणी, तीही वर्षातून एकदा. डोळा आणि किडनी दोघंही फार सोशिक, बिघडून अर्धी वाट गेली तरी हूं की चूं करत नाहीत. खर्चाचं कारण सांगू नकोस. पालिकेच्या आपला दवाखान्यात रक्ताच्या तपासण्या फुकट होतात आणि एम्पाग्लिफ्लोझिनसारखी महागडी गोळीसुद्धा मार्च २०२५ मध्ये पेटंट संपल्यावर एकदम उतरली. तुझ्या महिन्याच्या वडापावांची बेरीज मी केली आहे. औषधांपेक्षा जास्त भरते.

आता पायाचं. नाही, मोजे राहू देत अजून, आधी ऐक.

मला शुगर निघाली २००३ मध्ये. मीही शहाणी नव्हते, हे तुला सांगितलंच पाहिजे, नाहीतर तू म्हणशील बाईंचं काय जातंय. दहावीच्या निकालाचे पेढे मी स्टाफरूममध्ये दार लोटून घेऊन खाल्लेत. आणि २००७च्या जुलैमध्ये, आठवी क, तिसरा तास. पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, फरशीवर रक्त." मी म्हटलं, कोणाला लागलं? सगळी पोरं माझ्या पायाकडे बघत होती. नोटीस बोर्डाची ड्रॉइंग पिन चपलेच्या तळातून आरपार टाचेत गेली होती. त्या पिनेवर उभी राहून मी सकाळपासून दोन तास शिकवलं होतं. परावर्तनाचे नियम. मला काही कळलं नव्हतं, नखाएवढंही नाही. त्यानंतर डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून पायाला नायलॉनचा बारीक धागा टेकवला, लागला की सांगा म्हणाले. दहा वेळा टेकवला. मी चार वेळा "लागला" म्हटलं. ती एवढीशी भोकाची जखम भरायला पाच आठवडे गेले.

तेव्हापासून रोज रात्री पाय धुते, बोटांच्या बेचक्या कोरड्या करते, हा छोटा आरसा खाली धरून तळवे बघते. चपला घालण्याआधी आत हात फिरवते. नातवंडं हसतात. हसू देत.

आणि तू गेल्या अंगारकीला मुलुंडहून सिद्धिविनायकापर्यंत पंचवीसएक किलोमीटर अनवाणी गेलास. अख्खी रात्र, डांबर, गिट्टी, बाटल्यांच्या काचा. भक्तीबद्दल माझं काही म्हणणं नाही, मीही जाते. देवाला सांग, बूट घालून येतो, पायरीशी काढतो, बाईंचा हुकूम आहे. तो विद्येचा देव आहे, त्याला बाईंचं ऐकावंच लागतं. आणि पावसाळ्यात स्टेशनबाहेरच्या घोटाभर पाण्यातून बूट भिजवत जातोस, ते तसेच संध्याकाळपर्यंत पायात. २६ जुलै २००५ला अर्धी मुंबई कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेली, नंतर लेप्टोनं माणसं गेली. त्या पाण्यातले जंतू कापलेल्या पायातून शिरतात, आणि तुझा पाय कापलाय हे तुला सांगणार कोण? तुझा पाय तर गप्प बसलाय. ऑफिसात मोज्यांचा एक कोरडा जोड ठेव आणि पावसाळ्यात जादा बूट ठेव. एवढं जमेल?

बोट टोचताना आधी साबणानं हात धू. मे महिन्यात आमच्या शेजारच्या आजोबांचा आकडा ३४० आला, सगळं घर घाबरलं. हात बघितला तर नुकताच हापूस चोखलेला. हात धुवून पुन्हा घेतला, १६२. आणि बोटाच्या मध्यावर टोचू नकोस, कडेला टोच, कमी दुखतं. पट्ट्यांच्या डबीवरची तारीख बघ, तुझ्या डबीची उलटून गेली आहे. ती मी फेकून दिली.

ही नवी वही. दुरेघी, शंभर पानी. बायकोची नाही, माझी आहे, हरवलीस तर माझ्याशी गाठ आहे. उद्यापासून उपाशीपोटीची, आणि एक दिवसाआड जेवणानंतर दोन तासांची. शेजारी काय खाल्लंस ते. वडापाव खाल्लास तर वडापाव लिही. मला १२० नको आहेत, मला खरे आकडे हवेत, २८७ असला तरी २८७. पुढच्या शनिवारी चार वाजता एकट्यानं ये. अक्षर कसंही चालेल, तुझं असलं पाहिजे. आणि आज घरी गेलास की डबीत गोळ्या तू भर. ती बघेल नुसती. मटकीही तू भिजव, तेवढं जमेल तुला.

आता काढ मोजे. लाजतोस काय, नववीत तुझं नाकही मीच पुसलंय. डावा पाय इकडे स्टुलावर. माझा चष्मा दे तो. आणि तो टॉर्च.

हं. बोटांमध्ये पांढरं झालंय, ओलं राहिल्याचं. पावडरीची गरज नाही, कोरडं ठेवायला पाहिजे. दुसरा.

हे काय?

अंगठ्याच्या खाली, इथे. फोड फुटलाय. कडा काळसर दिसतायत. मोज्याला लागलंय बघ, हा डाग. कधी झालं हे? बुटानं? की अंगारकीला? अरे, माहीत नाही म्हणजे काय? मी दाबते, दुखतंय का?

नाही?

ऊठ. नाही, तसाच उभा राहू नकोस, ती माझी चप्पल घाल, घरातसुद्धा अनवाणी नाही. चहा राहू दे. मोजा पुन्हा चढवू नकोस त्यावर, हा धुतलेला रुमाल सैल गुंडाळ. हळद-बिळद काही नाही लावायचं. नाक्यावरचा आपला दवाखाना रात्रीपर्यंत उघडा असतो, तिथे आधी दाखवू, मग ते सांगतील कुठे जायचं ते. बायकोला फोन नको करूस अजून. डॉक्टरांनी विचारलं की किती दिवस झाले, तर तू सांगायचंस, तुझ्या तोंडानं, माहीत नाही म्हणून. आणि गोळ्यांची नावं काय सांगणार आहेस? मेटफॉर्मिन. आणि दुसरी? म्हण.

पुन्हा म्हण.

जा, खाली रिक्षा थांबव. मी कुलूप लावून येते.